डेटाचा आकार कसा वाचायचा: सचिनच्या ३२९ डावांपासून सुरुवात करू

सचिनची टेस्टमधली सरासरी ५३.७८, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण सचिन बॅटिंगला आला की साधारण पन्नास-पंचावन्न करून जायचा असं कुणी म्हटलं तर तुम्हाला पटेल का? नाही ना. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं बघितलंय त्यांना माहितीये की कधी तो दहा-पंधरावर जायचा आणि घरातले सगळे टीव्हीसमोरून उठायचे, आणि कधी दिवसभर उभा राहायचा. मग ५३.७८ खोटं आहे का, तर तेही नाही, आकडा बरोबरच आहे, फक्त त्या एका आकड्यात ३२९ डाव कोंबलेत आणि ते कसे पसरलेत हे त्यातून कळत नाही. ते कळायला ग्राफ काढावा लागतो आणि ग्राफ काढल्यावर तो शब्दांत सांगता यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर या दुसऱ्या गोष्टीवरच बहुतेकांचं अडतं. ग्राफ सगळे काढतात, एक्सेल काढूनच देतं, पण "काय दिसतंय सांग" म्हटलं की गप्प.

मी बरीच वर्षं ऑफिसात रिपोर्ट बनवायचं काम करतोय, नवीन मुलं-मुली येतात, त्यांना हे शिकवतो. त्यामुळे इथे मी ज्या क्रमानं शिकवतो त्याच क्रमानं लिहितोय. स्टॅटिस्टिक्सचं काहीही आधी यायला हवं असं नाही, दहावीपर्यंतचं गणित भरपूर झालं.

पायरी १: एक ओळ म्हणजे काय ते आधी ठरवा

ग्राफच्या आधी डेटाकडे बघा. एक ओळ म्हणजे एक काय? एक माणूस, एक दिवस, एक बिल, एक डाव? आणि आकडा कशात मोजलाय, मिनिटात की तासात, रुपयात की हजारात? हे फार साधं वाटतं, पण निम्मे गोंधळ इथेच होतात.

सचिनच्या डेटात एक ओळ म्हणजे एक डाव. १९८९ ते २०१३ मध्ये २०० टेस्ट, ३२९ डाव, १५,९२१ रन. आता १५,९२१ ला ३२९ नं भागा, ४८.३९ येतं, ५३.७८ नाही! कारण क्रिकेटची सरासरी आउट झालेल्या डावांनी भागतात, आणि सचिन ३३ वेळा नाबाद राहिलाय, म्हणजे २९६ नं भागायचं. दोन्ही आकडे बरोबर, पण प्रश्न वेगळे. आपल्याला एका डावात किती रन आले हे बघायचंय म्हणून आपली सरासरी ४८.३९. आणि ते ३३ नाबाद डाव लक्षात ठेवा, तिथे आकडा तो थांबला म्हणून नाही तर डाव घोषित झाला किंवा मॅच संपली किंवा समोरचे सगळे आउट झाले म्हणून थांबलाय. अशी एखादी गोष्ट जवळजवळ प्रत्येक डेटात असते, ती वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची सवय लावा.

पायरी २: आकडे थोडे असतील तर ते तसेच मांडा

वीस-तीसच आकडे असतील तर हिस्टोग्रामच्या मागे लागू नका, एक रेघ मारा, त्यावर आकडे लिहा, प्रत्येक नोंदीला एक टिंब. याला डॉट प्लॉट म्हणतात. तोच आकडा पुन्हा आला तर टिंबावर टिंब.

करूनच बघू. २००३-०४ ची ऑस्ट्रेलियातली सिरीज घ्या. सचिनचे डाव असे: ब्रिस्बेनला ०, ॲडलेडला १ आणि ३७, मेलबर्नला ० आणि ४४, सिडनीला नाबाद २४१ आणि नाबाद ६०. चढत्या क्रमानं लावले तर

०, ०, १, ३७, ४४, ६०, २४१

आता कागदावर ० ते २५० अशी रेघ मारून टिंबं द्या (खरंच द्या, नुसतं वाचून पुढे जाऊ नका). काय दिसतं? डावीकडे शून्यापाशी तीन टिंबांचा गठ्ठा, मग थोडी जागा सोडून ३७ ते ६० मध्ये तीन टिंबं, आणि मग लांबच लांब मोकळं रान, आणि पार टोकाला एकटं २४१. ती मोकळी जागा डोळ्यांना दिसणं हीच या ग्राफची सगळी कमाई आहे. सात आकड्यांची बेरीज ३८३, भागिले ७, सरासरी ५४.७. त्या ५४.७ च्या खाली पाच डाव आहेत आणि वर दोनच. मधला आकडा, म्हणजे रांगेतला चौथा, ३७. याला मीडियन म्हणतात, बाळभारतीच्या पुस्तकात मध्यक. क्रिकेटच्या हिशोबानं याच सिरीजची सरासरी ७६.६ आहे, कारण पाचच वेळा आउट. म्हणजे त्याच सात डावांसाठी ३७, ५४.७ आणि ७६.६ असे तीन "मधले" आकडे हातात आले, आणि कुठला वापरायचा ते आकार बघितल्याशिवाय ठरवता येत नाही.

थोड्या आकड्यांसाठी अजून एक छान प्रकार आहे, खोड-पान आलेख. दशक डावीकडे, एकक उजवीकडे, असं लिहीत जायचं, म्हणजे ४२, ४५, ४८ हे एकाच ओळीत ४ | २ ५ ८ असे येतात. मार्कांच्या यादीवर तर पाच मिनिटांत होतो आणि मूळ आकडेही हरवत नाहीत. बस, दिसतंय तसंच आहे, जास्त सांगायची गरज नाही.

पायरी ३: आकडे जास्त असतील तर हिस्टोग्राम

हिस्टोग्राम म्हणजे शाळेतला आयतालेख. हा शब्द कार्ल पिअर्सननं १८९० च्या दशकात आणला. आकड्यांचे सारख्या रुंदीचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात किती नोंदी पडल्या ते मोजायचं (वारंवारता), आणि तेवढ्या उंचीचा खांब उभा करायचा.

सचिनचे ३२९ डाव ५० च्या वर्गात टाकू. लागणारे आकडे सगळ्यांना माहीत असलेलेच आहेत: ६८ अर्धशतकं, ५१ शतकं, त्यातले २० वेळा दीडशेच्या वर, त्यातली ६ द्विशतकं, सर्वोच्च नाबाद २४८. यातून वजाबाकी करत गेलं की झालं. एक चौकोन म्हणजे अंदाजे १० डाव धरून ते असं दिसतं:

० ते ४९: ▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇ २१०
५० ते ९९: ▇▇▇▇▇▇▇ ६८
१०० ते १४९: ▇▇▇ ३१
१५० ते १९९: ▇ १४
२०० ते २४९: ▌ ६

बेरीज करून बघा, ३२९ भरते. बेरीज भरते का हे दर वेळी बघायचंच, एखादी नोंद दोन वर्गात पडली किंवा कुठेच पडली नाही की इथेच सापडते. ५० हा आकडा पहिल्या वर्गात की दुसऱ्या, हे आधी ठरवून टाका आणि मग सगळीकडे तोच नियम. पूर्णांक असतील तर सोपं आहे, पण वजन-वेळ असं काही दशांशात असेल तर "५० पासून १०० च्या आत" असं लिहा.

(वरचा हिस्टोग्राम मी आडवा टाइप केलाय, उभा काढलात तर रन खालच्या अक्षावर येतील आणि डावांची संख्या उभ्या अक्षावर. आता पुढे डावं-उजवं म्हणेन ते उभ्या चित्राबद्दल.)

स्तंभालेख आणि हिस्टोग्राममध्ये गल्लत करू नका. स्तंभालेखात खाली नावं असतात, पुणे, नाशिक, सातारा, त्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही म्हणून खांबांमध्ये फट ठेवतात. हिस्टोग्राममध्ये खाली मोजपट्टी असते, क्रम हलवता येत नाही आणि खांब चिकटून असतात. म्हणून "जिल्ह्यांचा आलेख उजवीकडे झुकलाय" या वाक्याला अर्थच नाही, जिल्हे उलटे लावले की तो डावीकडे झुकेल.

अजून एक, वर्गांची रुंदी सारखी ठेवा. समजा तुम्ही कंटाळून शेवटचे तीन वर्ग एकत्र केले, १०० ते २४९, त्यात ५१ डाव. आता ५१ उंचीचा आणि तिप्पट रुंदीचा खांब काढलात तर चित्रात शतकांचा ढीग ५० ते ९९ च्या दुपटीपेक्षा मोठा दिसेल, कारण डोळा उंची नाही बघत, तो भरलेली जागा बघतो. असमान वर्ग घ्यावेच लागले तर उंची रुंदीच्या हिशोबात कमी करायची, इथे ५१ भागिले ३, म्हणजे १७.

गूगल शीट्समध्ये करायचं असेल तर आकड्यांचा कॉलम निवडा, इन्सर्ट, चार्ट, आणि चार्टचा प्रकार हिस्टोग्राम. मग कस्टमाइझमध्ये हिस्टोग्राम उघडलं की बकेट साइज म्हणून एक डबा दिसतो, तीच वर्गाची रुंदी. एक्सेलमध्ये २०१६ पासून हिस्टोग्राम तयार मिळतो, खालच्या अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिसमध्ये बिन विड्थ बदलता येते. मूळ आकड्यांचा कॉलम द्यायचा बरं का, मोजून काढलेली वारंवारता नाही, ही चूक मी दर बॅचला बघतो.

पायरी ४: रुंदी बदलून बघितल्याशिवाय तोंड उघडू नका

मला विचाराल तर पूर्ण लेखातली सगळ्यात कामाची पायरी ही. सॉफ्टवेअर स्वतःहून जी रुंदी देतं ती फक्त एक सुरुवात आहे. किती वर्ग घ्यायचे याचे नियम आहेत, जुना आणि सोपा म्हणजे स्टर्जेसचा, १९२६ चा, ३२९ नोंदींना तो साधारण १० वर्ग सांगतो म्हणजे सचिनसाठी २५ रनांची रुंदी. दुसरा सोपा नियम वर्गमुळाचा, √३२९ म्हणजे १८ वर्ग, रुंदी साधारण १४. दोन्हीत बराच फरक आहे ना, म्हणूनच म्हणतो की नियमावर विसंबू नका, निदान तीन रुंदी बघा, एक मोठी एक मधली एक बारीक. तिन्हीत जे दिसतं ते खरं धरायचं. फक्त एकाच रुंदीत दिसणारा उंचवटा असेल तर जपून.

बारीक रुंदीत कधी कधी सोनं सापडतं. आपल्या जनगणनेतले वयाचे आकडे घ्या. पाच-पाच वर्षांच्या वर्गात काढलेत तर बऱ्यापैकी गुळगुळीत उतार दिसतो. तेच एक-एक वर्षाच्या रुंदीनं काढा, ३०, ३५, ४०, ४५, ५०, ६० या वयांवर उंच खांब आणि शेजारच्या ३१, ३९, ४१ वर खड्डे. त्या वर्षांत मुलं जास्त जन्मली म्हणून नाही हे. आजीला वय विचारलं की ती काय सांगते आठवा, "असेल की साठ". पक्की जन्मतारीख माहीत नसली की माणूस ० किंवा ५ वर संपणारं वय सांगतो. म्हणजे त्या खांबांतून वयापेक्षा जास्त वय विचारण्याची पद्धत कळते. लोकांनी तोंडी सांगितलेला कुठलाही आकडा असू दे, वजन, जमीन, महिन्याचा खर्च, हे खांब दिसतातच.

तसंच ३५ ला पास असलेल्या परीक्षेत ३३-३४ वर खड्डा आणि बरोबर ३५ वर खांब दिसला तर तिथे ग्रेस मार्क आहेत हे ओळखा. दहाच्या वर्गात काढलंत तर ही गोष्ट ३० ते ३९ च्या पोटात गडप होते.

पायरी ५: आता वाचायला घ्या, पण क्रमानं

मी पाच गोष्टी याच क्रमानं विचारतो: उंचवटे किती, शेपूट कुठल्या बाजूला, मधोमध काय, पसारा किती, आणि वेगळं काय पडलंय. शेवटची गोष्ट डोळ्यात आधी भरते म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, पण तसं केलं की बाकीचं राहून जातं.

उंचवटे. एकच असेल तर बरं, सगळ्या नोंदी एकाच प्रकारच्या आहेत असं तूर्त धरता येतं. दोन असतील तर थांबा. दोन उंचवटे म्हणजे बहुतेक वेळा दोन वेगळे गट एकाच यादीत मिसळलेत. याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमधल्या ओल्ड फेथफुल नावाच्या गरम पाण्याच्या फवाऱ्याचं आहे. एका फवाऱ्यानंतर दुसरा यायला किती मिनिटं लागतात याच्या २७२ नोंदी आर या भाषेत तयार मिळतात. सरासरी ७१ मिनिटं. पण हिस्टोग्राम काढला की एक उंचवटा ५५ मिनिटांच्या आसपास आणि दुसरा, मोठा, ८० च्या आसपास. कारणही मस्त आहे, फवारा थोडाच वेळ, दोनेक मिनिटं उडाला तर पुढचा लवकर येतो, आणि चार-साडेचार मिनिटं उडाला तर पुढच्याला वेळ लागतो. सरासरी बघून ७१ व्या मिनिटाला तिथे पोचणारा माणूस एक तर फवारा उडून गेल्यावर पोचेल नाहीतर उभा राहून वाट बघेल. त्या डेटाबद्दल बोलायचं तर "दोन गट, एक ५५ पाशी एक ८० पाशी" एवढंच बोलावं, सरासरी सांगूच नये असं माझं मत आहे. एकही उंचवटा नाही, सगळे खांब जवळपास सारखे, असंही होतं, फासा खूप वेळा टाकून आलेले आकडे मोजा, तसे दिसतील.

शेपूट. इथे नव्यांची हमखास गल्लत होते. नाव शेपटाच्या बाजूनं द्यायचं, ढिगाच्या बाजूनं नाही. सचिनचा आकार लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा आहे, डावीकडे उंच, उजवीकडे लांब उतरत गेलेला, शेपूट उजवीकडे, म्हणून हा उजवीकडे झुकलेला किंवा उजवा स्क्यू. "अरे पण ढीग तर डावीकडे आहे" असं मन म्हणेल, म्हणू दे. पगार, घरांच्या किमती, रोजचा पाऊस, दवाखान्यात वाट बघण्यात जाणारा वेळ, हे सगळे उजव्या शेपटाचे, कारण खाली शून्याची भिंत आहे आणि वर आभाळ मोकळं आहे. उलटं हवं असेल तर सोपा पेपर घ्या, सगळे ८०-९५ मध्ये आणि काही मुलं खाली विखुरलेली, इथे भिंत १०० वर आहे आणि शेपूट डावीकडे. त्यामुळे शेपूट दिसलं की मी पहिलं विचारतो की भिंत कुठे आहे. दोन्ही बाजू सारख्या असतील तर समरूप, प्रौढ पुरुषांच्या उंचीसारखं काहीतरी, मधे घुमट आणि दोन्हीकडे सारखा उतार.

सचिनच्या घसरगुंडीत अजून एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार आवडते. ३२९ पैकी ११९ डाव पन्नाशीला पोचले, म्हणजे ३६ टक्के. त्या ११९ पैकी ५१ शंभरला पोचले, ४३ टक्के. ५१ पैकी २० दीडशेला, ३९ टक्के. २० पैकी ६ दोनशेला, ३० टक्के. म्हणजे पहिले पन्नास करणं त्याच्यासाठीसुद्धा पुढच्या पन्नासपेक्षा अवघड होतं, एकदा जम बसला की बसला! आणि नंतर टक्का परत खाली येतो, थकवा आहे, आणि नाबादवाले डाव पण आहेतच की, जे तिथेच थांबवले गेले. पायरी एकला कोपऱ्यात लिहून ठेवलेली गोष्ट अशी इथे कामाला येते.

मधोमध. ३२९ डाव चढत्या क्रमानं लावले तर मधला १६५ वा. पहिले २१० डाव पन्नासच्या आतले, म्हणजे मीडियन नक्की ५० च्या खाली, एकही जास्तीचा आकडा न बघता कळलं. दहावीचं मध्यकाचं सूत्र लावलंत तर ३९ च्या आसपास येईल, पण ते सूत्र वर्गातल्या नोंदी सारख्या पसरल्यात असं धरतं, आणि घसरगुंडीच्या पहिल्याच खांबात तसं नसतं, लहान स्कोअर जास्त असतात (नुसती शून्यंच १४ आहेत), त्यामुळे खरा मीडियन त्याहून खालीच असणार. उजवं शेपूट असलं की सरासरी बहुतेक वेळा मीडियनच्या वर ओढली जाते. म्हणून लांब शेपटाला मीडियन सांगा, समरूप घुमटाला सरासरी सांगितली तरी चालतं.

पसारा. कुठून कुठपर्यंत, आणि मधले निम्मे कुठे. सचिनचं शून्य ते २४८, पण २७८ डाव, म्हणजे जवळपास ८५ टक्के, शंभरच्या आत.

वेगळं पडलेलं. यावर पुढच्या पायरीत.

पायरी ६: बॉक्स प्लॉट, एकदा तरी हातानं काढा

हा जॉन टुकी यांनी १९७० च्या दशकात रुळवला. ऑस्ट्रेलियातल्या सिरीजचे तेच सात आकडे परत घ्या: ०, ०, १, ३७, ४४, ६०, २४१. मधला ३७. त्याच्या डावीकडचे तीन ०, ०, १, त्यांचा मधला ०. उजवीकडचे तीन ४४, ६०, २४१, त्यांचा मधला ६०. झालं, डबा ० ते ६०, आत ३७ वर रेघ. डब्याची लांबी ६०, तिची दीडपट ९०, ६० मध्ये ९० मिळवले की १५०, हे झालं कुंपण. १५० च्या पलीकडचं सगळं वेगळं टिंब म्हणून काढायचं, म्हणजे २४१. मिशा, म्हणजे डब्याच्या दोन्ही बाजूंच्या रेघा, डब्यापासून कुंपणाच्या आतल्या शेवटच्या आकड्यापर्यंत ओढायच्या, इथे तो आकडा ६० च आहे, म्हणून उजवीकडे मिशी नाहीच, आणि डावीकडेही नाही. बिनमिशांचा डबा आणि लांबवर एक टिंब.

हेच सॉफ्टवेअरनं काढलं तर डबा ०.५ ते ५२ असा येऊ शकतो, घाबरू नका, चतुर्थक, म्हणजे डब्याची ही दोन टोकं, काढायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत, मधला आकडा दोन्ही अर्ध्यांत धरायचा की नाही यावर फरक पडतो. नोंदी शेकड्यांनी असल्या की हा फरक जाणवत नाही. २४१ दोन्हीकडे बाहेरच पडतो.

आता त्या २४१ चं काय करायचं? नवीन माणूस पहिलं काय करतो तर आउटलायर, म्हणजे असा वेगळा पडलेला आकडा, दिसला की उडवतो. कृपा करून असं करू नका. टिंब बाहेर पडलं याचा अर्थ "इकडे बघा" एवढाच. आधी तपासा, टायपिंगची चूक आहे का, एकक चुकलंय का, मिनिटाच्या कॉलममध्ये सेकंद आलेत का. चूक असेल तर दुरुस्त करा. नसेल तर तो आकडा खरा आहे आणि बहुतेक वेळा सगळ्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या सिरीजमध्ये सचिन ऑफस्टंपच्या बाहेर ड्राइव्ह मारताना आउट होत होता, सिडनीला त्यानं कव्हर ड्राइव्ह बाजूलाच ठेवला आणि ४३६ बॉल उभा राहिला. ते टिंब उडवलं तर ही गोष्टच उडते.

आणि पावसाचं तर आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ च्या आतच. एका शहरातली दोन केंद्रं आणि एवढा फरक, नुसत्या तक्त्यात कुणी बघितलं तर म्हणेल एक शून्य जास्त पडलंय की काय. पण तो आकडा खरा होता, त्या पाण्यात माणसं गेली.

पायरी ७: दोन ग्राफ सोबत ठेवा

बॉक्स प्लॉट सुटसुटीत आहे पण तो उंचवटे लपवतो. ओल्ड फेथफुलचा बॉक्स प्लॉट काढा, एक साधा डबा दिसेल, दोन गट आहेत याचा पत्ताही लागणार नाही. हिस्टोग्राम उंचवटे दाखवतो पण चार-पाच गटांची तुलना करायला चार-पाच हिस्टोग्राम डोळ्यांना झेपत नाहीत. म्हणून एकाच यादीचा आकार बघायचा असेल तर हिस्टोग्राम, अनेक गट शेजारी मांडायचे असतील तर बॉक्स प्लॉट, आणि नव्या डेटावर दोन्ही. मुंबईचा जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचा रोजचा पाऊस चार डब्यांत शेजारी शेजारी मांडून बघा. तुलना करताना अक्ष मात्र एकच ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर प्रत्येकाला वेगळी मोजपट्टी देतं आणि लहान डबा मोठा दिसतो.

मला हे एका जुन्या कामात अंगाशी आलेलं आहे. तक्रारी मिटायला किती दिवस लागतात याचा रिपोर्ट होता, मी सरासरी चार दिवस लिहून पाठवली आणि ती मान्यही झाली. सहा महिन्यांनी कधीतरी हिस्टोग्राम काढला तेव्हा दिसलं की बऱ्याचशा तक्रारी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिटत होत्या, मग मधे जवळपास काहीच नाही, आणि मग पंधरा दिवसांच्या आसपास एक दुसरा उंचवटा. ते कागद सहीसाठी दुसऱ्या ऑफिसात जात होते. चार दिवस लागलेली तक्रार शोधून सापडत नव्हती. ज्यांचे कागद पंधरा दिवस अडकायचे ते लोक सहा महिने खेटे घालत होते आणि माझ्या रिपोर्टमध्ये ते दिसतच नव्हते, याचं मला अजून वाईट वाटतं.

पायरी ८: शब्दांत लिहा

ग्राफखाली दोन-तीन वाक्यं लिहायचीच. ती कशी नसावीत: "डेटा उजवीकडे झुकलेला असून सरासरी ४८.३९ आहे व काही आउटलायर आहेत." हे कुठल्याही डेटाबद्दल लिहिता येईल. कशाचा डेटा, किती नोंदी, कारण काय, काही पत्ता नाही.

मी असं लिहीन:

"सचिनच्या ३२९ टेस्ट डावांतल्या रनांचा आकार एकाच उंचवट्याचा आहे, तो शून्याच्या बाजूला आहे आणि उजवीकडे २४८ पर्यंत लांब शेपूट आहे. दर तीनपैकी जवळपास दोन डाव (२१०) पन्नासच्या आत संपले, त्यामुळे मीडियन ५० च्या खाली आहे, आणि साधारण ८५ टक्के डाव शंभरच्या आत आहेत. ५० च्या रुंदीनं बघितलं तर पहिला खांब सोडल्यास पुढचा प्रत्येक खांब आधीच्याच्या निम्म्याहून थोडा कमी आहे, मधे कुठे खड्डा नाही, म्हणून दोनशेच्या वरचे ६ डाव मोठे असले तरी ते त्याच शेपटाचा भाग आहेत, वेगळे पडलेले नाहीत. ३३ डाव नाबाद आहेत, तिथे रन आहेत त्याहून जास्त होऊ शकले असते."

बघा, यात प्रत्येक वाक्यात रन किंवा डाव हा शब्द आहे, नुसता "डेटा" नाही. नोंदींची संख्या आहे, रुंदी सांगितली आहे, आणि २००३-०४ च्या सात डावांत एकटं पडलेलं २४१ इथे ३२९ डावांत शेपटाचा भाग झालंय, एकच आकडा, पण सोबतीला कोण आहे त्यावर तो वेगळा पडतो की नाही हे ठरतं.

सरावाला घरचं लाइट बिल घ्या, बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. आधी डॉट प्लॉट, मग हातानं बॉक्स प्लॉट, मग तीन वाक्यं. एप्रिल-मेचे महिने वेगळे पडतात का बघा, आणि पडले तर ते शेपूट आहे की दुसरा उंचवटा हे ठरवायला बाराच नोंदी पुरत नाहीत, दोन-तीन वर्षांची बिलं काढून बसा.